कंपनमोचक छिद्र

१७ जानेवारी १९७२, नगर

संक्रांत पुण्यात उरकून काल सामानाच्या ट्रकमधून नगरला आलो. सौ. सुचित्रा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, मी मागे कपाटाला धरून. चौदा वर्षं एका कंपनीत घासली, कडबा कापायच्या कुट्टी यंत्रांत पुण्यापासून पार सोलापूरपर्यंत नाव कमावलं, आणि निघताना साहेबांनी साधा चहा विचारला नाही. म्हणाले, "नगरवाल्यांकडे चाललात? ठीक आहे. परत मात्र येऊ नका." कोण येतंय!

इथले मालक गोरक्षनाथ. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मूळची राहात्याकडची ऊसवाली मंडळी, उसाच्या पैशातून नगरला अवजारांचा कारखाना काढला. कुट्टी यंत्र हाच मुख्य माल, म्हणजे आमच्या जुन्या कंपनीचे पक्के वैरी. मला पगार दुप्पट, राहायला बंगली, न्यायला-आणायला जीप. आल्या आल्या भाऊंनी मला सगळ्या कामगारांपुढे उभं केलं. "हे पुन्याचं डोकं हाय," म्हणाले. "लई किमतीनं आनलंय. आता ह्ये बोलतील अन् आपुन ऐकायचं." मग बाजूला घेऊन, "सायेब, येत्या दसऱ्याला नवं यंत्र पायजे. पुनेवाल्यांनी तोंडात बोट घातलं पायजे. न्हाई जमलं तर तुमचा रस्ता तुमाला मोकळा, अन् आमचं गावभर हसं."

हो म्हटलं. नवं म्हणजे नक्की काय, हे दोघांनीही विचारलं नाही. चौदा वर्षांत मी एकच यंत्र काढलं, मॉडेल सात. पण काढलं ना!

२५ जानेवारी

भाऊंनी विचारलं, कंपनीच्या आधी काय करत होता? "शिक्षण," म्हटलं. मामांच्या छापखान्यात दोन वर्षं शाईचे रूळ पुसले आणि पायाने चालवायची छपाई यंत्रं दुरुस्त केली, हे सांगितलं नाही. नखांत शाई गेलेल्या माणसाला दुप्पट पगार कोण देईल?

इथे माल बरा निघतो, पण शिस्त म्हणाल तर आनंद आहे. कारखान्यामागे भंगाराची खोली आहे. कोणीही उठतो, तिथून काहीतरी उचलतो आणि चालू यंत्राला जोडून बघतो. नकाशा नाही, परवानगी नाही. याला हे लोक "खोडी" म्हणतात. "काय खोडी केलीस रे?" असं एकमेकांना कौतुकाने विचारतात. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तेव्हा वर्षभरातल्या साऱ्या खोड्या पांढऱ्या चादरीवर मांडायच्या, आणि भाऊंच्या मातोश्री मनकर्णाबाई हिंडून, बघून, आवडेल त्या खोडीपुढे नारळ फोडणार! म्हातारीला अक्षरओळख नाही. आमच्याकडे या कामाला चार इंजिनिअरांची समिती होती.

३ फेब्रुवारी

आज संतापाने जेवण गेलं नाही.

मॉडेल सातच्या डाव्या पायात वरच्या अंगाला एक भोक आहे. ते कशासाठी, असं तिथल्या डायरेक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा मी लांबलचक टिपण लिहून सिद्ध केलं की चाकाची थरथर या भोकापाशी येऊन मोडते. त्याला नावही मीच दिलं, कंपनमोचक छिद्र. बक्षीस म्हणून मनगटी घड्याळ मिळालं, ते आजही हातात आहे.

आणि आज भाऊंच्या घरामागच्या गोठ्यात जुनी कुट्टी बघतो तर तेच भोक! तोच पाय, तेच माप. म्हणजे नगरवाल्यांनी माझं छिद्र चोरलं. यंत्रावरच्या पट्टीवर साल आहे १९६१. मॉडेल सात पासष्टचं. पट्टी मागाहून ठोकली असणार, दुसरं काय? आता मॉडेल सातच्या आधी मी श्रीगोंद्याच्या बाजारातून एक कुट्टी संदर्भासाठी नेऊन महिनाभर खोलून ठेवली होती, हे खरं आहे. पण संदर्भ वेगळा आणि नक्कल वेगळी.

सुचित्राला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ती संदर्भाची कुट्टी कुठल्या कारखान्याची होती हो?" बायकांना तांत्रिक गोष्टी समजावत बसण्यात अर्थ नसतो.

१४ मार्च

इथे सहादेव नावाचा एक डिप्लोमावाला आहे. पंचवीस-सव्वीसचा, बोलायला तोफ. तोंड दुखेपर्यंत स्वतःचं कौतुक. दहा खोड्या करतो, त्यातल्या नऊ फसतात, आणि दहावीबद्दल सहा महिने सांगत सुटतो. आज त्याने चाकाला सायकलची साखळी जोडली. पातं निसटलं ते ऑफिसची खिडकी फोडून माझ्या कॅलेंडरात रुतलं. मी खुर्चीत नव्हतो म्हणून ही डायरी लिहितोय.

"दात बारीक पडले सायेब," म्हणाला. "मोठ्या चैनीनं जमंल."

"पुण्यात असला माणूस दाराबाहेर उभा केला असता," मी म्हणालो.

"म्हनूनच पुनेवाले आमचं यंत्र बगून करत्यात."

पुंजाराम मिस्त्री, भट्टीवरचे सगळ्यात जुने, खाली मान घालून खोकत होते. हसत होते की काय कोण जाणे.

२ एप्रिल

भंगाराच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ल्या दोन. एक ऑफिसातल्या खिळ्याला, दुसरी माझ्या घरच्या कपाटात. ज्याला काही करून बघायचंय त्याने अर्ज द्यावा, त्यावर तीन सह्या लागतील. पहिली खातेप्रमुख म्हणून माझी, दुसरी नकाशा तपासणारा म्हणून माझी, तिसरी भाऊंची. हीच पद्धत मी पुण्यात बसवली होती. भाऊ खूश. "पुन्यात असंच असतं?" "असंच." "मंग झालं तर!"

२० जून

शिस्त बाणली. गेले दोन महिने एकही अर्ज नाही, एकही काच फुटलेली नाही. नाकारलेला माल जवळजवळ शून्यावर आला. असं वळण लावायला पुण्यात मला तीन वर्षं लागली होती.

फक्त नव्या यंत्राचं घोडं अडलंय. आज सगळ्यांना बोलावून विचारलं, बोला, काय काय सुचतंय? सगळे मिस्त्रींकडे बघू लागले. पुंजाराम मिस्त्री म्हणाले, "तुमीच सांगा सायेब. पुन्यात कसं करत्यात?" सहादेव तर छताकडे बघत होता. मीही थोडा वेळ छताकडे बघितलं. खरं लिहायचं तर मला काही सुचत नाही. मी इथल्या लोकांकडून काढून घ्यावं म्हणतो, आणि ते माझ्याकडून.

२९ ऑगस्ट

पाऊस नाही. पारनेरकडे पेरलंच नाही म्हणतात. कडबाच नाही तर कुट्टी कोण घेणार? पंधरवड्यात एक यंत्र गेलं, तेही उधार. मी मॉडेल आठचा नकाशा पुरा केला. सातपेक्षा दोन इंच रुंद आणि हिरवं.

१६ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारं मांडली, झेंडूच्या माळा घातल्या. पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर एकही खोडी नाही. मनकर्णाबाई नारळ घेऊन आल्या. चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"का रं, यंदा पोरं आजारी हुती का काय?" भाऊंना म्हणाल्या.

मग मी मॉडेल आठ पुढे आणवलं. बाईंनी त्याच्याभोवती चक्कर मारली, पायाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "ही तर माजीच कुट्टी. रंग तेवढा येगळा दिलाय. अन् साखळी कुटं हाय?"

"कसली साखळी?"

"आरं द्येवा! भोक ठिवलंय ते कशापायी? आमची पयली कुट्टी चोरीला गेली, तवा मीच गोरक्षला म्हनलं, पायाला भोक पाड, साखळी घालून लिंबाला बांदू." आणि नारळ तसाच घेऊन घरी गेल्या. सगळा कारखाना माझ्याकडे बघत होता.

म्हातारीचं वय झालं. साखळी घातली म्हणून थरथर मोडत नाही असं थोडंच आहे! एकाच भोकाचे दोन उपयोग असू शकतात. तरी घरी येऊन घड्याळाला उगीचच किल्ली देत बसलो.

भाऊ रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "दुष्काळाचं वरीस हाय," म्हणाले. "उन्हाळ्यापत्तुर बगू. तवर कायतरी झालं पायजे सायेब, न्हाईतर कारखान्यालाच कुलूप."

९ नोव्हेंबर

सहादेव गेला. कुठे? पुण्याला, आमच्या जुन्या कंपनीत, माझ्याच खुर्चीवर! नगरच्या कारखान्यातलं डोकं म्हणून त्यांनी दुप्पट पगारावर उचलला. भाऊंनी पेपर खाली टाकला आणि म्हणाले, "आपलं सगळं गुपित गेलं!" कुठलं गुपित, हे मला अजून कळलेलं नाही. सुचित्रा मात्र हसत सुटली. "म्हणजे तिथे आता तुमचंच टिपण वाचून त्याला भोकाचं शास्त्र शिकवतील." हिला कशात काय दिसतं देव जाणे.

१८ डिसेंबर

गुरांच्या छावण्या उघडल्या. कडबा संपला, आता चारा म्हणून अख्खा ऊस देतायत. पण जनावर ऊस जसाच्या तसा कसा चावणार? कोयत्याने तोडायचा. आमच्या कुट्टीत ऊस घातला की चोथ्याचे दोरे आत ओढणाऱ्या रुळांना गुंडाळतात आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. छावण्यांची समिती म्हणते, ऊस कापणारं यंत्र दाखवा, जिल्ह्यातल्या सगळ्या छावण्यांना तेच घेऊ. पुनेवालेही येणार. चाचणी फेब्रुवारीत, श्रीगोंद्याजवळ.

भाऊंनी आज पहिल्यांदा माझा हात धरला. "सायेब, ह्ये हातचं गेलं तर गडी घरी पाठवावं लागत्याल. मिस्त्री बी." पुंजाराम मिस्त्री भट्टीपाशी उभे होते. भट्टी विझलेली होती.

११ फेब्रुवारी १९७३

काल श्रीगोंद्याहून आलो. सावकाश, नीट लिहितो.

छावणीत हजारभर जनावरं. उसाच्या मोळ्यांपाशी बायका कोयते घेऊन बसलेल्या. पारनेरकडच्या राहीबाई नावाच्या एक बाई, म्हातारीच म्हणा, तळहातांना चिंध्या बांधलेल्या. त्यांच्या गाईला दात नाहीत, तिला बोटाएवढे तुकडे लागतात. "तुमचं यंत्र कवा चालू व्हनार?" त्यांनी विचारलं. "आत्ता," म्हटलं.

शेजारी पुण्याचं यंत्र. लाल. त्याच्यापाशी सहादेव, पायात बूट, भांग पाडलेला. मी त्याच्या यंत्राचा डावा पाय बघितला, त्याने माझ्या यंत्राचा बघितला. दोन्हीकडे भोक.

दोन्ही यंत्रं एकदम सुरू झाली आणि चार-पाच ऊस जाताच दोन्ही एकदम बंद पडली. दोघांच्याही रुळांवर चोथ्याचे तेच फेटे. समितीची माणसं हसली. राहीबाई हसल्या नाहीत, कोयता घेऊन परत बसल्या. लाज वाटली म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं.

"रुळांतली फट वाढवायला हवी होतीस, गाढवा," मी सहादेववर ओरडलो.

"वाढिवली की बारीक ऊस धरतच न्हाई! अन् तुमी का न्हाई वाढिवली?"

"बारीक ऊस धरत नाही म्हणून!"

"दातेरी रूळ बसवून बघनार हुतो. तीन महिने झाले, तिसरी सही हुईना. तिथं तुमच्याच नावानं वळखत्यात तो अर्ज. शामकांत फॉर्म आना, म्हनत्यात!"

भांडता भांडता तोंडातून निघून गेलं, "छापखान्यात बरं असतं. वरचा रूळ स्प्रिंगवर. जाड कागद आला की उचलतो, पातळ आला की बसतो."

सहादेवने माझी बाही धरली. "कंच्या छापखान्यात?"

"मामांच्या. आणि शाई खरवडायला रुळाला एक पट्टी लावलेली असते..."

तोवर तो जीपकडे पळाला होता. भाऊंच्या जीपची सीट त्याने फाडली आणि स्प्रिंगा उपसल्या. भाऊ "आरं, आरं" म्हणेपर्यंत मी दुसरी सीट फाडली. रुळांवरचा चोथा खरवडायला पातळ, लांब पोलादी पट्टी हवी होती. राहीबाईंनी कोयता पुढे केला. पुण्याची पाती आमच्या चाकाला, आमचे रूळ स्प्रिंगांवर, कोयता दोऱ्याने आणि बोल्टाने आडवा. नकाशा नाही, अर्ज नाही. बोटं तीन ठिकाणी कापली, सदरा गेला, आणि दुपारी यंत्र सुरू केलं तर ऊस आत जातोय आणि बोटभर तुकडे बाहेर पडतायत! जाड ऊस आला की रूळ उचलतोय, बारीक आला की बसतोय. थांबेचना! राहीबाईंनी ओंजळभर तुकडे गाईपुढे धरले आणि गाय खाऊ लागली. मी आणि सहादेवने एकमेकांना मिठी मारली. इतका आनंद मला मॉडेल सातच्या वेळी झाला नव्हता, घड्याळ मिळालं तेव्हाही नाही.

यंत्र आमच्या चाकाचं म्हणून काम भाऊंना मिळालं. पुण्याचे साहेब मोटारीत बसून काचा लावून गेले. भाऊंच्या डोळ्यांत पाणी. ते सरळ चालत आले, मी हात पुढे केला, आणि त्यांनी सहादेवच्या पाठीवर थाप मारली. "म्हनलं न्हवतं, पुन्याचं डोकं! तीन महिने तिथलं पानी पिलं अन् पोरगं कुटल्या कुटं गेलं!"

६ मार्च

सहादेव परत आला. मुख्य इंजिनिअर म्हणून, माझ्या दीडपट पगारावर. जीप, नव्या सीटांसकट, त्याच्याकडे. मी आता सल्लागार. "तुमी काय, घरचंच झाला," भाऊ म्हणाले. घरच्या माणसाला कोणी काही विचारत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे.

पण भट्टी पेटली. पुंजाराम मिस्त्री मला बघून खोकले नाहीत, तंबाखूची चंची पुढे केली. मी खात नाही, तरी घेतली.

१९ ऑगस्ट

यंदा पाऊस बरा. छावण्या मोडल्या. पुण्याच्या साहेबांचा माणूस घरी आला होता. "नगरचा दांडगा अनुभव असलेला माणूस हवाय, पगाराचं तुम्हीच बोला," असा निरोप. मला गुदगुल्या झाल्या. सुचित्रा म्हणाली, "जायचं तर जा. मी मनकर्णाबाईंबरोबर कुरडया घालायच्या ठरवल्यात, त्या झाल्याशिवाय हलणार नाही." ऑगस्टात कुरडया? पण डोक्यात एक उसाचीच गोष्ट घोळतेय, तशाच स्प्रिंगांवरच्या रुळांची दुसरी एक जोडी खाली बसवली तर? ते बघून मग ठरवू, म्हटलं.

१२ सप्टेंबर

सहादेव हल्ली "आहे", "पाहिजे" असं बोलतो. भंगाराची खोली मधल्या काळात उघडी होती, तिला त्याने परत कुलूप घातलं. माझंच कुलूप. दोन जुन्या स्प्रिंगा हव्यात म्हणून विचारायला गेलो तर त्याने खण उघडून छापील कागद दिला. शामकांत फॉर्म. भरून दिला. आज परत आला, त्यावर शेरा: "गरज स्पष्ट होत नाही. पुण्यात असे करत नाहीत."

मेल्या, पुण्यात काय करतात ते मला सांगतोस?

घरी आलो, कपाट उघडलं. भंगाराच्या खोलीची दुसरी किल्ली होती तिथेच होती.

५ ऑक्टोबर, खंडेनवमी

चादरीवर यंदा सगळी नवी कोरी यंत्रं, नावांच्या पट्ट्या लावून. एका कोपऱ्यात, भट्टीकडच्या अंगाला, माझी खोडी. रंग नाही, नाव नाही. पुंजाराम मिस्त्रींनी रात्रपाळीच्या गड्यांकडून ती कधी मांडून घेतली, मी विचारलं नाही.

सहादेव छावण्यांच्या समितीवरच्या पाहुण्यांना यंत्रं दाखवत होता. नव्या यंत्राच्या डाव्या पायाशी थांबला. "आणि हे जे दिसतंय ते कंपनमोचक छिद्र. चाकाची थरथर इथे येऊन मोडते. पुण्याचा शोध आहे, त्यावर मोठं टिपण आहे." पाहुणे वाकून भोकात बघू लागले.

मनकर्णाबाई मागेच उभ्या होत्या, हातात नारळ आणि साखळी. "कुनाचा शोध, म्हनाला?"

सहादेवने माझ्याकडे बोट दाखवलं. भाऊ, मिस्त्री, सुचित्रा, सगळे वळले. मी घड्याळ बाहीखाली सरकवलं.

बाई पाहुण्यांना वळसा घालून चालत चालत भट्टीकडच्या कोपऱ्यापाशी आल्या, माझ्या खोडीचा खालचा रूळ बोटाने उचलून बघितला, सोडला. तो टपकन् बसला. परत उचलला, परत बसला. मग तिच्यापुढे नारळ फोडला. पाणी माझ्या पायांवर उडालं.

"कोणाची आहे?" सहादेव विचारत होता. "अर्ज कुठे आहे हिचा?"

बाईंनी साखळी खोडीच्या पायातून ओवली. भोक मी पाडलं होतंच, सवयीने. दुसरं टोक खांबाला बांधून त्यांनी कुलूप घातलं, आणि किल्ली सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवली.

"त्या दुसऱ्या किल्लीसंगं ही बी ठिवा कपाटात," म्हणाल्या. "सुचित्रा म्हनत हुती, तुमी नीट संबाळता."